मेंदूला मार, प्रमाणपत्रावर ३० टक्के. नऊ लाखांवर सही करावी का?

कृष्णाकाठ:

धाकटा भाऊ आचारी. मिरजेच्या आसपासच्या गावांत लग्नं, मुंजी, बारशी, वास्तुशांती. आठ-दहा माणसं हाताशी घेऊन पाचशे-सातशे पानांची पंगत एकटा उठवायचा. दोन वर्षांपूर्वी मोटरसायकलला मागून टेम्पोने ठोकलं. कवटीला पुढच्या बाजूला तडा, आत रक्तस्राव, ऑपरेशन. तेव्हा वय ३७.

आज बघणाऱ्याला काही कळत नाही. चालतो, बोलतो, हसतो. डावा हात जरा कमजोर, एवढंच. घरात मात्र वेगळा माणूस वावरतो. वास अजिबात येत नाही. फोडणी जळली तरी पत्ता नाही. आमटीत मीठ दोनदा पडतं. पन्नास माणसांचा शिधा काढायला बसला की तासाभराने कागद तसाच कोरा. कुणाकडून ॲडव्हान्स घेतला ते विसरतो आणि आठवण करून दिली की अंगावर येतो. पूर्वी याचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. हाताखालची पोरं एकेक करून निघून गेली. गेल्या उन्हाळ्यात एकदा आकडीही आली, तेव्हापासून गोळ्या चालू आहेत.

मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाईचा दावा वेळेत दाखल केलाय, मागणी १५ लाखांची. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं ३० टक्क्यांचं, ते सगळं डाव्या हाताचं. आता विमा कंपनी म्हणते, येत्या लोकअदालतीत नऊ लाख घ्या आणि मिटवा. आमचे वकीलही म्हणतात, ३० टक्क्याला एवढेच मिळतात. वडील म्हणतात घे, कोर्टाचं काय सांगावं. भावजय काहीच बोलत नाही.

आयकर विवरणपत्रं आहेत, वर्षाला तीन लाखांच्या आसपास. खरी कमाई जास्त होती, पण रोखीतली. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

---

झणझणीत:

ताई, घ्या आणि मोकळे व्हा. आमच्या गावात एकाची केस अकरा वर्षं चालली. हातातले नऊ लाख सोडून पळत्याच्या पाठी लागू नका.

---

निवृत्त_शिरस्तेदार:

झणझणीत, अकरा वर्षांच्या गोष्टी सगळ्यांकडे असतात. ताई, सही करण्यापूर्वी एवढं वाचा.

लोकअदालतीतला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. उद्या आकड्या वाढल्या, पुन्हा ऑपरेशन निघालं, तरी त्या दाव्याचं दार बंद.

मुद्द्याची गोष्ट ही की, प्रमाणपत्रावरचे टक्के म्हणजे कमाईतल्या नुकसानीचे टक्के नव्हेत. हे माझं मत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सविस्तर लिहून ठेवलंय. आधी जखमी माणूस काय काम करत होता ते बघायचं, मग अपंगत्वामुळे त्यातलं काय त्याला आता जमत नाही ते ठरवायचं, आणि त्यावरून कमाईची क्षमता किती टक्के गेली ते काढायचं. हात गेलेला सुतार आणि हात गेलेला कारकून यांचं शारीरिक अपंगत्व सारखंच, नुकसान सारखं नाही.

तुमच्या केसचा हिशेब करून बघू. अपघाताच्या वेळी वय ३७. सरला वर्मा निकालातल्या (२००९) तक्त्याप्रमाणे ३६ ते ४० वयाला गुणक १५, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला १५ ने गुणायचं. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीपोटी उत्पन्नात ४० टक्के मिळवायचे. ते २०१७ च्या प्रणय सेठी निकालातून येतं. तो निकाल मृत्यूच्या दाव्यातला आहे, पण ही वाढ जखमींनाही लागू होते हे सर्वोच्च न्यायालयाने नंतर स्पष्ट केलंय. तीन लाखांचे झाले चार लाख वीस हजार. गुणिले १५, म्हणजे ६३ लाख. जखमीच्या दाव्यात त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश कापत नाहीत, ती कपात मृत्यूच्या दाव्यात.

या ६३ लाखांना कार्यात्मक अपंगत्वाच्या, म्हणजे कमाईची क्षमता जितकी गेली त्या टक्क्यांनी गुणायचं. कंपनीचेच ३० टक्के धरले तरी १८ लाख ९० हजार होतात. ७० धरले तर ४४ लाख १० हजार. एकेक टक्का ६३ हजारांचा आहे. उपचार, पुढची औषधं, सांभाळायला लागणारं माणूस, वेदना, आयुष्यातल्या हरवलेल्या सुखसोयी हे सगळं याच्या वर. शिवाय दावा दाखल केल्याच्या तारखेपासून व्याज.

आता बघा, नऊ लाख कुठून आले.

---

दावेवाला:

कुठून आले ते मी सांगतो. विमा कंपनीत दावे विभागातच नोकरी झाली, त्यामुळे पलीकडच्या टेबलावर काय चालतं ते माहीत आहे.

अधिकाऱ्यापुढे तुमच्या भावाची फाईल येते. त्यात डिस्चार्ज कार्ड, बिलं, प्रमाणपत्र. मेंदूच्या कामाबद्दल एकही कागद नाही. मग तो विवरणपत्र बाजूला सारून अंदाजे उत्पन्न महिना बारा हजार धरतो. भविष्यातली वाढ शून्य. १२ गुणिले १५ गुणिले बारा हजार म्हणजे २१ लाख ६० हजार, त्याचे ३० टक्के म्हणजे साडेसहा लाखांना थोडे कमी. वर बिलांचा काही भाग आणि वेदनेपोटी एक गोल रक्कम. झाले नऊ. माझा अंदाज आहे, पण फार चुकणार नाही.

तो अधिकारी वाईट माणूस नसतो हो. फाईलमध्ये जे नाही त्याचे पैसे त्याला देता येत नाहीत. वास गेला, राग येतो, शिधा काढता येत नाही, हे त्या फाईलमध्ये कुठे आहे? डिस्चार्ज कार्डावर "रुग्ण पूर्ण शुद्धीत, प्रकृती स्थिर" असं लिहिलेलं असतं. उलटतपासात आमचे वकील तेवढंच वाक्य वाचून दाखवायचे.

विवरणपत्रं अपघाताच्या आधी भरलेली आहेत ना? असतील तर भक्कम पुरावा. नंतर भरलेली असतील तर कुणी विश्वास ठेवत नाही.

अजून एक. फेसबुक तपासा. भाऊ कढईपुढे उभा असलेला एखादा फोटो कुणी टाकलेला असेल तर तो समोरच्या वकिलाकडे पोचलाय असं समजून चला.

---

कृष्णाकाठ:

विवरणपत्रं आधीचीच आहेत, तीन वर्षांची. बँकेच्या कर्जासाठी भरायला लावली होती.

आणि फोटो आहे! चुलतभावाच्या हळदीला पोरांनी याच्या हातात झारा दिला, फोटो काढला आणि "आमचे शेफ परत आले" म्हणून टाकला. कौतुकानेच. त्या दिवशी तो दहा मिनिटांत चिडून घरी निघून आला होता.

---

मेंदूवाली:

मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे, मेंदूला मार लागलेल्यांच्या चाचण्या करते. भावाला न बघता निदान सांगणार नाही, पण तुम्ही लिहिलेलं चित्र ओळखीचं आहे.

कपाळामागचा मेंदूचा भाग योजना आखणं, कामाचा क्रम लावणं, सुरुवात करणं आणि स्वतःला आवरणं ही कामं बघतो. तिथे इजा झाली की माणूस बोलायला व्यवस्थित, पण पंगतीचा शिधा काढायचा म्हटलं की अडतो. कोरा कागद म्हणजे आळस नाही, सुरुवातच होत नाही. राग हाही त्याच इजेचा भाग असू शकतो. आणि वासाचे धागे नाकाच्या छपरातल्या हाडाच्या चाळणीतून वर जातात. डोक्याला जोरात हिसका बसला की ते तुटतात, त्यामुळे अशा रुग्णांमध्ये वास जाणं नवीन नाही. दोन वर्षं झाल्यावर तो परत येण्याची आशा कमीच.

सीटी स्कॅन पहिल्या दिवशी जीव वाचवण्यासाठी काढलेला असतो. रक्त साचलंय का, हाड मोडलंय का, ते त्यात दिसतं. मेंदूतले बारीक तंतू ताणले-तुटलेले असले तर सीटी जवळजवळ स्वच्छ दिसू शकतो. ग्लासगो स्केलचा आकडा काय होता ते केस पेपरवर बघा. ३ ते १५ असतो, ८ किंवा कमी म्हणजे गंभीर. हा आकडा तुमच्या दाव्याचा पाया आहे आणि बऱ्याचदा तो डिस्चार्ज कार्डावर उतरतच नाही, आतल्या नोंदींत राहतो. रुग्णालयाकडून सगळे इनडोअर पेपर लेखी अर्ज करून मागवा.

आता चाचणी. न्यूरोसायकॉलॉजिकल असेसमेंट म्हणतात. लक्ष, स्मरण, वेग, नियोजन, आवर घालणं, सगळं मोजतात. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनोविकार संस्थेने २००४ मध्ये भारतीयांसाठी प्रमाणित केलेली चाचणीमाला आहे, वय आणि शिक्षणाप्रमाणे तुलना होते. मुद्दाम चुका करणारा माणूसही बऱ्याचदा ओळखू येतो, त्यामुळे "नाटक करतोय" या आरोपाला उत्तर मिळतं. वासाचीही वेगळी चाचणी असते, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून लेखी घ्या.

वेळेबद्दल: सुधारणेचा जोर पहिल्या सहा महिन्यांत असतो, मग मंदावतो. दोन वर्षांनी जे उरलंय ते बहुतेक कायमचं धरतात. म्हणजे चाचणीला तुम्ही योग्य वेळी आहात.

---

गोदाकाठी:

पण मग सरकारी प्रमाणपत्रात हे का आलं नाही?

---

मेंदूवाली:

कारण त्याला खाना नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात मेंदूला मार लागणं हा स्वतंत्र प्रकार नाहीच. हात कमजोर असेल तर चलनवलनात बसवतात, वागणं बिघडलं असेल तर मानसिक आजारात, आणि त्यासाठी मनोविकारतज्ज्ञाकडे कुणीतरी पाठवावं लागतं. वास जाणं तर यादीतच नाही. समितीसमोर दहा मिनिटं उभा राहिलेला, नीट बोलणारा माणूस. त्यांनी हात तपासला आणि लिहिला. त्यांच्या परीने बरोबरच आहे ते.

---

निवृत्त_शिरस्तेदार:

आणि म्हणूनच न्यायाधिकरणाला त्या कागदाने बांधलेलं नाही. पण नुसता दुसरा कागद जोडून भागणार नाही, डॉक्टरांची साक्ष लागेल. राजकुमार निकालात हेही आहे: नुसतं प्रमाणपत्र दाखल केलं म्हणजे ते सिद्ध झालं असं नाही, ज्याने उपचार केले किंवा तपासलं त्याला उलटतपासाला हजर करावं लागतं.

डॉक्टर कोर्टात यायला नाखूश असतात, दिवसभर बाकावर बसायला कुणाला आवडेल. तोही विचार त्या निकालात केलाय. ठरावीक वेळ देऊन बोलवा, नाहीतर कमिशन नेमून, म्हणजे कोर्टाने नेमलेला माणूस पाठवून, दवाखान्यातच साक्ष नोंदवा. वकिलाला सांगा तसा अर्ज करायला.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मला तोच मोठा वाटतो. लोकअदालतीत सही कोण करणार? भाऊच ना? जो माणूस ॲडव्हान्स घेतलेला विसरतो, त्याला नऊ लाखांत काय सोडतोय ते समजतंय का? स्वतःचं हित सांभाळण्याइतकी क्षमता नसेल तर दावा वादमित्रामार्फत, म्हणजे त्याच्या वतीने दावा चालवणाऱ्या माणसामार्फत चालवावा लागतो, आणि वादमित्राला न्यायालयाच्या परवानगीशिवाय तडजोड करता येत नाही. चाचणीचा अहवाल आला की वकिलाशी हे नक्की बोला.

१५ लाखांच्या मागणीची काळजी नको. मागितल्यापेक्षा जास्त भरपाईही देता येते, सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा नागप्पा निकाल आहे. तरीही दुरुस्तीचा अर्ज देऊन मागणी वाढवा, नजरेला बरं दिसतं.

---

झणझणीत:

मान्य, हिशेब बघून मी माझं पहिलं मत मागे घेतो. पण एक शंका. आचारकाम नाही जमलं तरी तो काहीतरी करेलच ना? दुकानात बसेल. मग ७० टक्के कोण देणार?

---

दावेवाला:

हाच प्रश्न कंपनीचा वकील विचारणार, म्हणून उत्तर आत्ताच तयार करा. काहीही काम करू शकत नाही असा दावा करू नका. तिथेच केस फसते, कारण तो हळदीचा फोटो बाहेर येतो. उलट तो फोटो तुम्हीच सांगा: दहा मिनिटं उभा राहिला आणि का निघून गेला ते.

आचाऱ्याचं काम मोडून दाखवा. माणसं मोजून शिधा काढणं. बाजार. भाव ठरवणं. पहाटे चारला चुली पेटवून बाराला पंगत बसवणं. दहा जणांना एकाच वेळी सांगणं. वासावरून मसाला ओळखणं, तेल जळलं की कळणं. उकळत्या कढईपाशी उभं राहणं, तेही आकडीचा रुग्ण असताना! कुठला न्यायाधीश म्हणेल की हा उद्या जाऊन तळण काढेल? यातलं काय उरलं ते बघितलं तर फक्त भाजी चिरणं उरतं, तेही डावा हात धड नसताना. दुकानात बसला तर काय मिळेल तेही सांगा, आणि फरक मागा. खरं बोलणाऱ्याला टक्के जास्त मिळतात, असा माझा अनुभव.

---

मुळा_मुठा:

आमच्या आईच्या दाव्यातून गेलो आहोत, तीन गोष्टी सांगते.

आई स्वतःची स्वतः आंघोळ करायची, जेवायची. तरी तिला एकटं सोडता यायचं नाही, गॅस चालू ठेवून बाहेर निघून जायची. वहिनीने नोकरी सोडली. आमचे वकील म्हणाले, घरच्यांनीच सांभाळलं तर खर्च कुठला? पण घरच्या माणसाची सेवा फुकट धरत नाहीत. २०२० साली सर्वोच्च न्यायालयात हरियाणातल्या एका मुलीचं प्रकरण होतं, बाराव्या वर्षी ट्रॅक्टरवरून जाताना ट्रकने ठोकलं आणि मेंदू नऊ महिन्यांच्या बाळाइतका राहिला. तिला दोन मदतनीस लागतील म्हणून महिना दहा हजार धरून तिथेही १८ चा गुणक लावला, नुसते त्याचे २१ लाख ६० हजार झाले. एकूण ६२ लाखांच्या वर गेलं, आणि सुरुवातीला न्यायाधिकरणाने दिले होते ११ लाख. तुमच्या भावाची अवस्था तशी नाही हे कळतं, पण तुमची भावजय दिवसभर काय करते ते लिहून काढा. ती बोलत नाही म्हणालात, कदाचित कुणी विचारलंच नसेल.

दुसरं, मेडिक्लेम. कंपनी बिलातून ती रक्कम वजा करू पाहील. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये निकाल दिलाय की मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम भरपाईतून कापता येत नाही. तुम्ही हप्ते भरले होते, ते काय टेम्पोवाल्यासाठी?

तिसरं, पैसे मिळाले की सगळे हातात येत नाहीत. न्यायाधिकरण मोठा भाग मुदत ठेवीत ठेवायला लावतं. आम्हाला तेव्हा राग आला होता. पण पैसे आल्याचं कळल्यावर घरी जे नातेवाईक उगवले त्यांची नावं घेत नाही. उपचारासाठी लागलेच तर अर्ज करून ठेव मोडता येते.

---

कृष्णाकाठ:

मेडिक्लेम होता, साडेतीन लाख त्यातून आले. ते त्यांनी वजाच केलेत.

हेल्मेटचं काय? होतं, पण पट्टा लावला होता का हे कुणालाच माहीत नाही. भावाला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही.

---

निवृत्त_शिरस्तेदार:

टेम्पोने मागून ठोकलंय. दोषारोपपत्र टेम्पोचालकावर आहे ना? मग पट्ट्याचा मुद्दा सिद्ध करायचं ओझं कंपनीवर. पंचनाम्यात शब्द नाही, डॉक्टरांच्या नोंदीत नाही, तर ते कशाच्या जोरावर बोलणार? आणि पट्टा नव्हता म्हणून अपघात झाला असं तर कुणी म्हणू शकत नाही. काही निकालांत हेल्मेट नसल्याबद्दल थोडी कपात झालीय, काहींत नाही. तुम्ही स्वतःहून त्यावर काही बोलू नका. भावाला आठवत नाही हेच खरं उत्तर आहे, आणि तेही इजेचंच लक्षण.

हा धागा अजून कुणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी: १ एप्रिल २०२२ पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. मेंदूच्या बाबतीत सहा महिन्यांत काहीच स्पष्ट होत नाही, म्हणून लोक थांबतात. थांबायचं नाही. दावा आधी, चाचण्या मागाहून.

---

गोदाकाठी:

वकील वीस टक्के मागतोय का हो तुमचा? आमच्याकडे सर्रास मागतात.

---

निवृत्त_शिरस्तेदार:

मागतात, पण निकालाच्या रकमेत वाटा घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. फी ठरवून घ्या आणि पावती घ्या. परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे चौकशी करा.

---

कृष्णाकाठ:

सगळ्यांचे आभार. या आठवड्यात बरंच घडलं, ते लिहिते.

वकिलांना हिशेबाचा कागद दाखवला. आधी जरा तोंड वाकडं केलं, मग स्वतःच कॅल्क्युलेटर काढला. लोकअदालतीत तडजोड करणार नाही असं ठरलं. रुग्णालयाच्या नोंदी मागवल्या, ग्लासगो स्केल ७ लिहिलंय. डिस्चार्ज कार्डावर खरंच नव्हतं. चाचणीची वेळ पुढच्या महिन्यातली मिळालीय.

मुळा_मुठा, भावजयीला विचारलं. तिने दोन पानं लिहून दिली. रात्री गॅसच्या सिलिंडरचा रेग्युलेटर काढून ती उशाशी ठेवते, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

वडील अजून घुश्श्यात आहेत.

आता एकच अडचण. साक्षीला भावाचा जुना गिऱ्हाईक यायला तयार आहे, ज्याच्या दोन मुलींची लग्नं याने केली आणि तिसरीच्या वेळी अपघातानंतर ऑर्डर दिली होती. तो स्वयंपाक अर्ध्यात मोडला, ऐनवेळी दुसरीकडून जेवण मागवावं लागलं. आणि याच्या हाताखालचा एक पोऱ्याही येतो म्हणतो, जो आता स्वतः ऑर्डर घेतो. या दोघांना कितीदा यावं लागेल?

---

दावेवाला:

त्या गिऱ्हाइकापेक्षा चांगला साक्षीदार तुम्हाला मिळायचा नाही. आधीचं आणि नंतरचं, दोन्ही त्याने स्वतः पाहिलंय. ऐनवेळी मागवलेल्या जेवणाचं बिल त्याच्याकडे असेल तर तेही घ्या. पोऱ्याला विचारा, तेव्हाच्या ऑर्डरींच्या वह्या कुणाकडे आहेत. रोखीची कमाई त्यातूनच दिसेल.

---

निवृत्त_शिरस्तेदार:

सरतपास, म्हणजे आपल्या बाजूची मूळ साक्ष, प्रतिज्ञापत्रावर होतो, ते वकिलाच्या ऑफिसात बसून करता येईल. उलटतपासाला मात्र स्वतः यावं लागतं, एकदाच, तारीख पुढे ढकलली नाही तर. पोऱ्या आचारी आहे म्हणालात ना? मग लग्नसराई सोडून तारीख मागून घ्या, नाहीतर ऐन मुहूर्ताच्या दिवशी समन्स निघायचं आणि तो यायचा नाही.